माळाचा बॅकअप कुठल्या तारखेचा?

सात-आठ वर्षांपूर्वीचा जुलै महिना. शनिवारी सकाळी साडेसहाला कंपनीच्या दोन बसेस निघाल्या. पोहे, चहा, प्रत्येकाला एक हिरवा टी-शर्ट आणि एक कॅप. दिवे घाट चढून, सासवड ओलांडून, जेजुरीच्या अलीकडे एका माळावर आम्ही सत्तर-ऐंशी जण उतरलो. खड्डे आधीच खणून ठेवले होते. आम्ही फक्त रोपं लावायची, पाणी घालायचं आणि फोटो काढायचे. मी एकट्यानं अकरा रोपं लावली. त्यातली बरीचशी गिरीपुष्पाची होती हे मला तेव्हा कळायचं काही कारणच नव्हतं. आंबा, वड आणि नारळ सोडून चौथं झाड मला ओळखता येत नसे.

अकराच्या सुमारास एक म्हातारे धनगर मेंढरं घेऊन आले. लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ आमची गंमत बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "झाडं लावताय व्हय?"

मी अभिमानानं म्हटलं, "हो बाबा. इथं काहीच नाहीये ना, सगळं उजाड पडलंय."

"उजाड कुठं? गवत हाय की." आणि जरा थांबून, "आता तुमी तारा मारनार. मग मेंढरं कुठं चारायची आमी?"

मी "झाडं मोठी झाली की सावली मिळेल, पाऊस वाढेल" असं काहीतरी शाळेत शिकलेलं उत्तर दिलं. ते हसले आणि निघून गेले. बसमध्ये अंताक्षरी चालू होती, पण माझ्या डोक्यात ते "गवत हाय की" अडकून बसलं ते बसलंच. पुढे वाचनाचा नाद लागला, दर शनिवार-रविवारी बाईक काढून बारामती, इंदापूर, करमाळा असं भटकणं सुरू झालं, आणि हळूहळू लक्षात आलं की त्या दिवशी बरोबर ते होते, मी नव्हतो. आजचा लेख त्याबद्दल आहे. थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात जरा लांबून करतो. गेली पंचवीस-तीस वर्षं जगात 'रीवाइल्डिंग' नावाची एक कल्पना जोरात आहे. बिघडलेला निसर्ग दुरुस्त करायचा तर माणसानं खड्डे खणत बसू नये. तिथून नाहीशी झालेली मोठी जनावरं परत आणून सोडावीत, बाकीची दुरुस्ती ती जनावरं स्वतःच करतील, असा साधारण विचार. मायकेल सूले आणि रीड नॉस या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ साली तो नीट मांडला. मोठं संरक्षित क्षेत्र, त्यांना जोडणारे पट्टे आणि मोठे शिकारी प्राणी अशी तीन कलमं त्यांनी सांगितली. सगळ्यात गाजलेलं उदाहरण यलोस्टोनचं. तिथले लांडगे १९२० च्या दशकापर्यंत मारून संपवले होते. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. लांडगे आले, एल्क हरणं कमी झाली, काही ठिकाणी ओढ्याकाठची झाडी परत वाढली. यात लांडग्यांचा वाटा नेमका किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, पण गोष्ट लोकांना आवडली.

दुसरं उदाहरण इतकं गोड नाही. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ऊस्टव्हार्डर्सप्लासेन नावाचं एक राखीव क्षेत्र आहे. तिथं रानटी गुरांसारखी दिसणारी गुरं, कोनिक जातीची घोडी आणि हरणं सोडली. कल्पना अशी की पूर्वी युरोपात मोठे चरणारे प्राणी कुरणं मोकळी ठेवायचे, तसंच आता होऊ दे. झालंही तसं. पण भोवती कुंपण, आत एकही शिकारी प्राणी नाही आणि बाहेर जायला वाट नाही. जनावरं वाढत गेली. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त जनावरं गेली. काही उपासमारीनं, आणि बहुतेक तशी मरायच्या आत गोळी घालून. लोक कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत फेकत होते.

आमच्या धंद्यात याला रीस्टोअर म्हणतात. सिस्टिम बिघडली की जुना बॅकअप काढायचा आणि तिथून परत सुरू करायचं. पण त्यात पहिला प्रश्न असतो, कुठल्या तारखेचा बॅकअप? चुकीच्या तारखेचा टाकलात तर होतं ते चांगलंही पुसलं जातं. माळाच्या बाबतीत नेमकं हेच झालंय असं मला वाटतं. आपण सगळे मनात धरून चाललोय की महाराष्ट्राचा मूळ बॅकअप म्हणजे जंगल. माळ म्हणजे तोडलेलं जंगल, म्हणजे बिघाड. म्हणून लाव झाड!

आता आपल्याकडे वळू. मोठी जनावरं परत आणायची म्हटलं की सध्या एकच नाव समोर येतं, चित्ता. आणि चित्त्याच्या गोष्टीत महाराष्ट्राचा एक मोठा अंक आहे, कोल्हापूरचा.

चित्ता हा मोकळ्या माळावरचा शिकारी. झाडावरून उडी टाकणं किंवा झुडपात दबा धरणं हे बिबट्याचं काम. चित्त्याचं सगळं भांडवल म्हणजे वेग, आणि वेगाला लागते मोकळी जागा. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांनी शेकडो वर्षं चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली. अकबराकडे हजार चित्ते असल्याचं सांगतात. मेख अशी की पाळलेला चित्ता कैदेत पिल्लं देत नाही. जहांगीरच्या काळात एकदा झाली, त्याची त्यानं मुद्दाम नोंद केली, आणि त्यानंतर जगात पुन्हा अशी नोंद व्हायला १९५६ साल उजाडलं. त्यात पिल्लू पकडून उपयोग नसे, कारण शिकार त्याला आईनंच शिकवायची. त्यामुळे दर वेळी रानातून मोठा, तयार चित्ता धरून आणायचा. थोडक्यात, फक्त विथड्रॉवल, डिपॉझिट शून्य. खातं कधीतरी रिकामं होणारच.

राजर्षी शाहू महाराजांना या शिकारीचा मोठा शौक होता. चित्ते सांभाळणारे ते चित्तेवान. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीत बसवत, कारण बैलगाडी काळविटांच्या रोजच्या पाहण्यातली, ती जवळ आली तरी कळप बिचकत नसे. टप्प्यात आलं की टोपी काढायची. पुढचं काम काही सेकंदांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हिंदुस्थानात चित्ते मिळेनासे झाले, आणि संस्थानिकांनी ते चक्क आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. दिव्यभानुसिंह यांनी 'द एंड ऑफ अ ट्रेल' या पुस्तकात चित्त्याचा सगळा इतिहास लिहिलाय. त्यांच्या हिशेबानं १९१८ ते १९४५ या काळात सुमारे २०० चित्ते आफ्रिकेतून आले, आणि ते मागवणाऱ्यांत कोल्हापूर आणि भावनगर आघाडीवर. म्हणजे २०२२ मध्ये विमानातून चित्ते उतरले तेव्हा "इतिहासात पहिल्यांदाच" वगैरे जे चाललं होतं ते अर्धंच खरं. खंड ओलांडून चित्ते आपल्याकडे आधीही आले होते. फरक इतकाच की तेव्हा ते शिकारीसाठी होते.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९४७ साली कोरियाच्या (आत्ताच्या छत्तीसगडमधल्या) महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. ते भारतातले शेवटचे नोंदलेले चित्ते. १९५२ मध्ये प्राणी नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले. २०२३ मध्ये त्यातले काही मेले, काहींना पिल्लं झाली, काही उद्यानाबाहेर शेतांमधून लांबवर भटकून आले. एप्रिल २०२५ मध्ये दोन चित्ते गांधीसागरला हलवले. सरकारी योजनेत यामागचं कारण स्वच्छ लिहिलंय. चित्ता हा निमित्तमात्र, त्याच्या नावानं दुर्लक्षित गवताळ प्रदेश वाचवायचे.

कारण उत्तम आहे. पण मग कुनोच का? कुनो हा बराचसा झाडीचा प्रदेश. तो मुळात गीरच्या सिंहांसाठी तयार केला होता. त्यासाठी चोवीस गावं उठवली, ज्यात बहुतेक सहरिया आदिवासी होते. सिंह काही आले नाहीत, जागा तयार होती, तिथं चित्ते आले. उलट जिथं चित्ता शेकडो वर्षं धावला त्या दख्खनच्या माळांवर कोणी तो सोडू म्हणत नाही. ते बरोबरच आहे म्हणा, कारण तिथं आता सलग माळ शिल्लकच नाही.

आपल्या राज्यातही जनावरं हलवायचे प्रयोग चालू आहेत, पण ते जंगलात. २०१० मध्ये जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाहून एक वाघीण आणून सोडली. चांगलं आहे, माझा काही विरोध नाही. पण सह्याद्रीच्या पूर्वेला उतरलं की जो भला मोठा कोरडा पट्टा सुरू होतो, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली, साताऱ्याचा माण-खटाव, त्याला परत काय द्यायचं हा प्रश्नच कोणाला पडत नाही. कारण तिथं मुळात काही होतं हेच आपल्याला मान्य नाही.

तर मग होतं काय तिथं? जुने लॉग्ज काढून बघू.

सगळ्यात खालचा थर जीवाश्मांचा. गोदावरी, प्रवरा, मांजरा यांच्या जुन्या गाळात रानटी बैल, हत्ती, अगदी पाणघोड्याचेही अवशेष मिळालेत. चाळीसगावजवळ पाटणे इथं शहामृगाच्या अंड्याची नक्षी कोरलेली कवची सापडली, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. शहामृग दाट जंगलात राहत नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

त्याच्या वरचा थर आपल्या पुणे जिल्ह्यातला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून पुढे बारा-चौदा वर्षं तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. सातू पिकवायचे, गुरं-शेळ्यामेंढ्या पाळायचे आणि हरणंही मारून खायचे. काळविटाची हाडं तिथल्या कचऱ्यात निघाली आहेत. पुढे गहू-सातू साधेनासा झाला तसं ते गाव जनावरांवर जास्त जगू लागलं असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. म्हणजे पाऊस दगा देतो तेव्हा गवत आणि जनावर हाच इथला विमा, हे तीन हजार वर्षांपूर्वीच लोकांना कळलं होतं.

त्याच्या वरचा थर मराठी भाषेचा, आणि हा मला सगळ्यात आवडतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी २०२५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. (पाटील आपल्या पुण्याच्या आयसरमधले.) त्यांनी काय केलं, तर जुनं मराठी वाङ्मय, संतचरित्रं, आख्यानं, लोकगीतं वाचली आणि त्यात कुठल्या गावी कुठलं झाड, कसलं रान असल्याचा उल्लेख आहे ते टिपून काढलं. निघाली काय? बाभळी, पळस, तरटी अशी उन्हातली, मोकळ्या रानातली झाडं, आणि गवत. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेची आठवण म्हणून जे झाड दाखवतात तेही तरटीचंच. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ किमान साडेसातशे वर्षं माळच आहे. इंग्रजांनी जंगल तोडलं म्हणून तो झाला ही समजूत इथं लागू पडत नाही. वाचून मला त्या बाबांची आठवण झाली. त्यांनी हाच निष्कर्ष तीन शब्दांत सांगितला होता.

आणि आता सर्वांत वरचा, घोड्यांचा थर. डिसेंबरमध्ये आपण सगळे भीमथडी जत्रेला जातो, मांडे आणि हुरडा खातो, पार्किंगला शिव्या देतो. पण भीमथडी म्हणजे काय? भीमेची थडी, म्हणजे काठ. आजचा दौंड-बारामतीचा परिसर, इंग्रजी अमदानीत त्या नावाचा तालुकाच होता. 'भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजलं' असं आपण मराठ्यांच्या पराक्रमाबद्दल म्हणतो, त्यातलं पाणी सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण ती तट्टं काय खाऊन एवढी लांब गेली? याच माळावरचं पवन्या आणि मारवेल. अरबी घोड्याच्या मानानं लहानखुरी, काटक, वैरण कमी असली तरी चालणारी.

मराठ्यांच्या लष्कराचं वेळापत्रकच गवतावर चालायचं. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं, वैशाखात परत यायचं, पावसाळाभर छावणी. म्हणजे गवत वाढतं तेव्हा घोडी घरी. गवत राखायला सरकारी कुरणं असायची. आजही पुणे जिल्ह्यात कुरण नावाची गावं आहेत, तिथून जाताना कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीबद्दलचं प्रसिद्ध पत्र आठवा. दाणावैरण आत्ताच बेफिकिरीनं उडवलीत तर ऐन पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या भाजीपाल्याला हात घालाल, असं त्यात बजावलंय. आणि उंदरानं दिव्याची पेटती वात पळवली तर गवताच्या गंजी पेटतील, हेही. राज्याचा प्रमुख गवताच्या गंजीची आणि उंदराची काळजी करतो, कारण गंजी जळली म्हणजे घोडदळ बसलं. त्या काळात गवत ही स्ट्रॅटेजिक गोष्ट होती, आज पेट्रोल आहे तशी.

मग या माळाला 'पडीक' कोणी ठरवलं?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. घोडदळ गेलं, घोड्याबरोबर कुरणाची किंमत गेली. नव्या सरकारला घोड्यांपेक्षा महसूल हवा होता. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी करून सारा कमी केला. हेतू असा की लोकांनी सोडलेली जमीन परत नांगराखाली यावी. ती आली. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते वाईट होतं असं मी म्हणणार नाही, आधीचा सारा जीवघेणाच होता. पण तेव्हापासून एक हिशेब पक्का झाला. नांगरली ती जमीन, नाही ती पड. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला, पुढे ऊस आला, साखर कारखाने आले, उजनीचं धरण झालं. आजही सातबाऱ्यावर गवताच्या तुकड्यापुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असतं. २००० सालापासून तर देशाचा पडीक जमिनींचा नकाशाच निघतो आणि त्यात झुडपी माळ आणि चराऊ रानं व्यवस्थित बसतात. पडीक म्हटलं की पुढचं सोपं. सोलर टाका, एमआयडीसी टाका, एनए प्लॉट पाडा. यातलं काही जमलं नाही तर आमच्यासारख्यांना बसमध्ये घालून झाडं लावायला आणा.

यात गंमत अशी की जनावरांनी आपापली उत्तरं शोधली. उसानं बिबट्याला घर दिलं. जुन्नर-शिरूरकडचा बिबट्या आता उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. दाट आणि उंच पीक, दबा धरायला उत्तम. ज्यांना मोकळं लागतं त्या लांडगा, खोकड, चिंकारा, माळढोक यांना मात्र ऊस म्हणजे भिंत. एका कालव्यानं एका शिकाऱ्याला आत घेतलं आणि दुसऱ्याला बाहेर काढलं. हेही एक प्रकारचं रीवाइल्डिंगच, फक्त ते कोणी ठरवून केलेलं नाही आणि त्याची किंमत तिथल्या गावकऱ्यांनी मोजली.

माळ वाचवायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं अभयारण्य झालं, काळविटांसाठी. क्षेत्र फक्त २.१७ चौरस किलोमीटर! एखाद्या आयटी पार्कएवढं. तरी थोडक्या काळविटांचे शेकडो झाले. मोठं चरणारं जनावर किती लवकर उभं राहतं त्याचा हा पुरावा. पण एवढ्याशा जागेत शेकडो काळवीट मावणार कसे? ते आजूबाजूच्या ज्वारीत जाणार, आणि जातात. सुप्याजवळचं मयूरेश्वर १९९७ चं, चिंकाऱ्यांसाठी, पाच चौरस किलोमीटरच्या आसपास.

याच्या बरोबर उलट टोक सोलापूरकडचं नान्नज. १९७९ मध्ये माळढोकासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर केलं. कागदावर. प्रत्यक्षात त्यात शेकडो गावं, शेतं, रस्ते, सगळं होतं. जमीन विकायची, विहीर पाडायची तर अडचण, त्यामुळे लोकांच्या मनात पक्ष्याबद्दल राग बसला. २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. मधल्या काळात ऊस वाढला, विजेच्या तारा आल्या, गवताच्या तुकड्यांवर झाडं लावली गेली. आता नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. काळवीट मात्र भरपूर. म्हणजे एका ठिकाणी जागा फारच लहान, दुसऱ्या ठिकाणी फारच मोठी, आणि दोन्हीकडे एक गोष्ट राहून गेली. त्या माळावर आधीपासून जगणाऱ्या माणसांना हिशेबात धरणं.

इथं गवताबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, म्हणजे मोठ्या जनावरांचं काम कळेल. गवत हे खाल्लं जाण्यासाठीच बनलंय. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, त्यामुळे वरचं खुडलं तरी ते परत फुटतं. अजिबात कोणी खाल्लं नाही तर जुनं वाळलेलं गवत साठून नव्याचा कोंडमारा होतो आणि हळूहळू झुडपं शिरतात. फार खाल्लं, सतत खाल्लं तर मारवेल-पवन्यासारखं चवदार गवत संपतं आणि पँटला चिकटणारं कुसळ उरतं. म्हणजे जनावर हवं, पण ते हलतं हवं. इथं थोडे दिवस, मग पुढे. काळविटांचे कळप लांडग्याच्या धाकानं हलत राहायचे. मराठ्यांची घोडी मोहिमेच्या वेळापत्रकानं हलायची. आणि धनगरांचे वाडे पावसाच्या हिशेबानं अजूनही हलतात. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे किंवा कालव्याच्या मुलखाकडे, पाऊस लागला की परत माळावर. वाटेत शेतकरी त्यांना रात्री शेतात मेंढ्या बसवायला बोलावतात, कारण लेंडीखत फुकट घरपोच मिळतं. आणि त्या वाड्याचं बिऱ्हाड, भांडी, कोकरं, कोंबड्या, कधी लहान पोरं, कशावर लादलेली असतात? तट्टावर. भीमथडी तट्टाला २०२३-२४ मध्ये स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली, आणि ती जात आज टिकून आहे ती मुख्यतः धनगरांमुळे. पागा गेल्या, सरदार गेले, तट्टू उरलं ते मेंढरांच्या मागे चालत.

म्हणून मला वाटतं की आपल्या माळासाठी रीवाइल्डिंग करायचं तर विमान लागणार नाही. युरोपात ज्यासाठी प्राणिसंग्रहालयातून घोडी आणून सोडतात त्यातलं बरंचसं काम इथं चालू आहे. चरणारं जनावर आहे, हलायची पद्धत आहे, सासवड-जेजुरी-इंदापूरकडे अजून लांडगाही आहे. कमी पडतेय ती जागा, आणि एका जागेहून दुसरीकडे जायची वाट. प्रत्येक नवीन कुंपण ती वाट तोडतं, मग ते प्लॉटचं असो की वृक्षारोपणाचं. ऊस्टव्हार्डर्सप्लासेनची चूक हीच होती की जनावर दिलं पण वाट दिली नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील की हा सगळा रोमँटिकपणा आहे. मान्य, दुसरी बाजूही सांगतो. मेंढ्या म्हणजे काळवीट नाहीत. एकाच जागी अडकल्या तर त्या माळ खरवडून टाकतात, आणि कुरणं कमी होतायत तशा त्या अडकतायतच. लांडगा कोकरू उचलतो तेव्हा नुकसान धनगराचं होतं. भरपाई आहे, पण पंचनाम्यासाठी थांबायचं तर वाडा पुढे निघालेला असतो. काळवीट वाढले तर ज्वारी त्यांची नव्हे, शेतकऱ्याची जाते. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये हेलिकॉप्टर आणि बोमा, म्हणजे निमुळत्या कुंपणाचा सापळा, वापरून शेतातले शेकडो काळवीट पकडून अभयारण्यांत हलवले, त्यातले काही गांधीसागरला, चित्त्याच्या मुलखात. आपल्याकडे सोलापूर-कर्जतचे जास्तीचे काळवीट इंदापूरच्या मोकळ्या कुरणांवर का हलवू नयेत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. फक्त ती कुरणं आधी कुरणं म्हणून टिकली पाहिजेत. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्यानं अलीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय, स्थानिक पोरं गाइड म्हणून काम करतात. माळ बघायला लोक पैसे देऊन येतात ही गोष्टच मला मोठी वाटते. एकदा जाऊन या. सकाळी लवकर, हिवाळ्यात.

आणि चित्ता? कोल्हापूरच्या चित्त्यांची गोष्ट वाचताना वाईट वाटतं, मान्य. पण चित्ता हा शेवटचा कमिट आहे. त्याच्या आधीचे सगळे नीट नसतील तर तो चालणार नाही. आधी गवत, मग चरणारं जनावर, मग लांडगा, मग जमलंच तर बाकीचं. आपण सगळीकडे शेवटून सुरुवात करतो.

मागच्या डिसेंबरमध्ये जेजुरीहून परत येताना मुद्दाम त्या जुन्या माळावर थांबलो. तारेचं कुंपण आहे. कंपनीचा बोर्ड गंजलाय, अक्षरं वाचता येतात. बरीच रोपं मेली असावीत, पण गिरीपुष्प चांगलं डोक्याच्या वर गेलंय. माझी अकरा कुठली ते ओळखता आलं नाही. खाली गवत जवळपास नाही, पालापाचोळा आहे. कुंपणाच्या बाहेरून, तारेला लागून, मेंढरांची एक नवीन पायवाट पडलीय, वळसा घेऊन डांबरी रस्त्यावर जाणारी. तासभर थांबलो, कोणी आलं नाही.

यंदाच्या वृक्षारोपणाचा मेल गेल्या आठवड्यात आला. या वेळी मी उत्तर पाठवलं. जागा कुठली, तिथं आत्ता काय उगवतं, तिथं कोण चारतं, एवढेच तीन प्रश्न. "गुड पॉइंट, पण रिपोर्टमध्ये झाडांचा आकडा दाखवायचा असतो" असं उत्तर आलंय. मी परत लिहिलंय की आकडाच हवा असेल तर शहरात लावू, रस्त्याकडेला, सोसायट्यांमध्ये, जिथं सावली खरंच हवी आहे, आणि माळावर जायचंच असेल तर कुंपण काढायला जाऊ. त्यावर अजून उत्तर नाही. आलं की कळवतो.